टोमॅटोची बगलफूट काढताय? आधी या चुका टाळा

टोमॅटोची बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातनं निघणारी फांदी, काढायचा व्हिडिओ बघायचा आणि लगेच कात्री घेऊन परड्यात सुटायचं, सगळा घोळ इथंच होतोय. व्हिडिओतलं झाड बहुतेक पॉलीहाऊसमधलं असतंय, सुतळीवर वर वर चढणारं, त्याला एकच खोड ठेवतात ते बरोबर. पण तुमचं झाड बुटक्या जातीचं असलं तर ते तीन-चार फूट वाढून आपोआप थांबतंय, शेंड्यालाच फुलं येतात, त्याची फूट काढली की तेवढी टोमॅटो गेलीच म्हणून समजा. जात लिहिलेलं बियांचं पाकीट फेकून दिलंय? मग झाडच बघा. फुलांच्या दोन घोसांमधे एक-दोनच पानं असतील तर बुटकी जात, तीन-तीन पानं आणि शेंडा सारखा वर पळतोय तर चढणारी. चेरी टोमॅटो बहुतेक चढणारीच. बेंगळुरूच्या आयआयएचआर या बागायती संशोधन संस्थेची अर्का रक्षक ही जात मधल्या वाढीची आहे, तिला हात बेतानंच लावा.

दुसरी चूक, फूट समजून फुलाचा घोस मोडणं. पान आणि खोड यांच्या बेचक्यातनं निघते ती बगलफूट. घोस बेचक्यातनं येत नाही, दोन पानांच्या मधी थेट खोडातनं निघतो. फूट दोन-तीन इंचाची असतानाच अंगठ्यानं बाजूला वाकवा, कट्टकन निघते, कात्री लागतच नाही. बोटाएवढी जाड झाल्यावर ओढाल तर खोडाची साल सोलून येते. पहिल्या घोसाच्या लगेच खालची फूट मात्र जोरदार असते, ती ठेवून दोन खोडं केली तरी चालतंय. काढलेली चांगली फूट ओल्या मातीत खोचा, सावलीत ठेवा, मुळं धरते, नवं रोप फुकट.

आता निपाणी-चिकोडीकडच्यांसाठी खास. तंबाखू मळायची आणि त्याच हातानं झाडाला हात लावायचा, हे बंद करा राव! मोझॅक व्हायरस तंबाखूतनं हातावर येतोय आणि एका झाडावरनं दुसऱ्यावर जातोय. आधी साबणानं हात धुवा. पानं चट्ट्यापट्ट्याची झालेलं झाड असेल तर त्याला सगळ्यात शेवटी हात लावा.

पावसात, दव असताना छाटणी नको, ओल्या जखमेतनं रोग शिरतोय. खानापूरकडं जुलैत उघडीप कुठनं आणायची म्हणा, पण पानं सुकलेली असतील असा तास-दोन तास मिळाला की उरकून घ्या. मातीला टेकणारी खालची पानं मात्र कुठल्याही जातीची काढाच, चिखल उडून करपा रोग तिथनंच चढतोय.

आणि एप्रिल-मेत झाड उघडं करू नका, उन्हाच्या बाजूनं फळावर पांढरट डाग पडतोय, मग तो भाग कातडीसारखा होतोय. जास्तच छाटून बसला असाल तर दुपारपुरतं जुनं सुती लुगडं नाहीतर शेडनेट बांधा, पाणी नियमित द्या, आणि चटकन फुटावं म्हणून युरिया ओतू नका, नुसती पानंच येतील, फुलं लांबतील.