वैरणीतून घोड्याला विषबाधा: या चुका टाळा

‘जनावराला कळतं काय खायचं ते’ हा भरवसा पहिली चूक. ओली कण्हेर कडू लागते, म्हणून घोडा सहसा तिला तोंड लावत नाही, हे खरं. पण तीच छाटून ढिगात वाळली की कडूपणा उतरतो, विष मात्र तसंच राहतं. 400 किलोच्या घोड्याचा जीव घ्यायला 20 ग्रॅम वाळकी पानंही पुरतात. महामार्गाच्या दुभाजकावर, मंगल कार्यालयाच्या कुंपणाला हीच कण्हेर लावलेली असते आणि वरातीचा घोडा तिथंच तासन्‌तास उपाशी उभा असतो! निघण्याआधी त्याला पोटभर गवत घाला. रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे या घोड्याला 6 ते 8 किलो वाळकी वैरण हवीच. वैरण महागली की गवत कमी करून दाणा वाढवतात. मग भुकेला घोडा दिसेल ते ओरबाडतो.

कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे तिच्यातल्या सायनाइडची विषबाधा, गाईगुरांना लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोड्याचं दुखणं वेगळं आणि संथ. हिरवी ज्वारी आठवडेच्या आठवडे खाल्ली की मागचे पाय लटपटतात, लघवी थेंबथेंब गळते. मज्जारज्जूची ही इजा सहसा भरून येत नाही. नीट वाळलेला कडबा चालतो.

एरंडीची पेंड खताची आहे. ती शेंगदाणा पेंडीशेजारी ठेवूच नका, कारण एरंडाच्या विषाला घोडा फार हळवा असतो.

आता बाधा झालीच तर. बांबूच्या नळीतून तेल किंवा ताक पाजण्याची चाल अजून आहे. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे विष त्या वाटेनं बाहेर येत नाही. उलट पाजलेलं फुप्फुसात उतरतं. डॉक्टर नाकातून नळी घालून ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे विष धरून ठेवणारी कोळशाची पूड, थेट पोटात सोडतात, तेही जितकं लवकर तितकं बरं. ‘पोट दुखतंय, फिरव जरा’ हा सल्ला तर कण्हेरीत घातकच, कारण ती हृदयाचे ठोके बिघडवते. घोडा सावलीत शांत उभा ठेवा, वैरण-दाणा काढून घ्या, पाणी राहू द्या. गव्हाणीत उरलेलं गवत मात्र फेकू नका. त्यातली पानं डॉक्टरांना दाखवायची आहेत.