कोलॉइडल गोल्डमध्ये सोनं खरंच किती? मोजायच्या आधीची तयारी

कोलॉइडल गोल्ड म्हणजे पाण्यात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण. त्याचा लालभडक रंग बघून वाटतं बाटलीत बक्कळ सोनं असणार, म्हणून सगळ्यात आधी कागदावर हिशोब करा. लेबलवर ३० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असेल तर १०० मिलीत सोनं ३ मिलिग्रॅम, म्हणजे गुंजेचा जेमतेम चाळिसावा भाग. एवढ्यानेही पाणी मस्त लाल दिसतं.

वाळवून वजन करायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. मी सुरुवातीला तेच केलं होतं आणि आकडा बघून खूश झाले होते, पण नेहमीच्या रेसिपीत १ मिलिमोलरच्या (लिटरमागे मोलचा हजारावा भाग) ५०० मिली क्लोरोऑरिक ॲसिडमध्ये (सोन्याचं विरघळणारं संयुग) ३८.८ मिलिमोलरचं ५० मिली सायट्रेट (सोन्याचे कण तयार करणारा क्षार) पडतं, म्हणजे सोनं ९८ मिलिग्रॅम आणि सायट्रेट जवळपास ५७० मिलिग्रॅम, मग वाळल्यावर काट्यावर कोण बसलंय ते बघा! टीडीएस मीटरही नको, तो फक्त क्षार मोजतो.

बाटली हलवून तळ बघा, काळा गाळ असेल तर वरवरचं सँपल घेऊन उपयोग नाही. यूव्ही-व्हिजिबलचा (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) स्लॉट घ्या, क्युव्हेट (सँपलची छोटी पारदर्शक नळी) स्वच्छ हवी, ब्लँक (सोनं नसलेलं, तुलनेसाठीचं सँपल) म्हणून तेवढंच सायट्रेट घातलेलं पाणी. आधी पूर्ण स्पेक्ट्रम (प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश शोषला जातो त्याचा आलेख) काढा. पीक ५२० नॅनोमीटरच्या आसपास असेल आणि ६०० च्या पुढे शेपूट नसेल तरच पुढे जा, सोल्युशन जांभळं-निळं झालं असेल तर कण एकमेकांना चिकटलेत आणि हा शॉर्टकट फसवतो. सगळं ठीक असेल तर ४०० नॅनोमीटरचं रीडिंग घ्या, १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये १.२ आलं तर सोनं अंदाजे ०.५ मिलिमोलर, म्हणजे लिटरमागे ९८ मिलिग्रॅम, थोडक्यात रीडिंगला ८२ ने गुणा की लिटरमागे मिलिग्रॅम मिळतात. चौपट पातळ करून ०.१५ आलं तर मूळचं ०.६, म्हणजे साधारण ४९. हे फक्त कण झालेलं सोनं, आयन (कण न होता पाण्यात विरघळलेलं सोनं) राहिलेले असतील तर ते यात धरले जात नाहीत.

पक्का आकडा हवा असेल तर एएएस किंवा आयसीपी (सँपलमधलं मूलद्रव्य थेट मोजणारी प्रयोगशाळेतली यंत्रं) बुक करा, आणि इथे तयारीत अजिबात घाई नको. मोजून १ मिली सँपल, ताजं ॲक्वा रेजिया (तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक), फ्युम हूड चालू, गॉगल, ग्लोव्ह्ज, आणि उरलेलं ॲसिड बाटलीत घट्ट झाकण लावून कधीच ठेवू नका, गॅस साठून बाटली फुटते. लाल रंग पूर्ण जाऊन फिकट पिवळा झाला की पातळ हायड्रोक्लोरिकने २५ मिली करा, नुसत्या पाण्याने नको, सोनं भिंतीला चिकटतं. स्टँडर्ड्स (तुलनेसाठी सोन्याचं प्रमाण माहीत असलेली द्रावणं) त्याच ॲसिडमध्ये, ०.५ ते ५ पीपीएम. एका सँपलमध्ये माहीत असलेलं सोनं मुद्दाम घाला आणि ते पूर्ण परत येतंय का बघा, मला तरी त्याशिवाय कुठल्याच आकड्यावर भरवसा वाटत नाही. आयसीपीच्या नळीत सोनं रेंगाळतं, म्हणून दोन सँपलच्या मधे भरपूर धुवा आणि ब्लँक पुन्हा चालवा.

थोडं सँपल सेंट्रिफ्यूजसाठी (वेगाने फिरवून कण तळाला बसवणारं यंत्र) बाजूला ठेवा. वरचं पाणी रंगहीन झालं की ते वेगळं मोजा, तिथे जे सापडेल ते आयनचं सोनं, आणि वहीत एकूण आणि कणांचं असे दोन आकडे वेगळे लिहा.