मुलांसाठी खेळण्याचा तंबू निवडताना

लहान मुलांसाठी तंबू घेताना रंग आणि चित्रांपेक्षा आधी त्याचा सांगाडा पाहावा. फायबरच्या पातळ काड्या चिरल्या की त्यांची कुसळे बोटांत शिरतात. पोलादी तारेचा, झटक्यात उघडणारा तंबू मांडायला सोपा असतो, मात्र त्याची घडी मोठ्यांनीच घालावी, कारण तार उसळून तोंडावर येऊ शकते. (ती घडी पहिल्या प्रयत्नात क्वचितच जमते.) लाकडी दांड्यांचा त्रिकोणी तंबू देखणा दिसतो, तरी धावत्या मुलाच्या धक्क्याने तो कलंडतो, म्हणून दांडे खाली एकमेकांना बांधलेले असावेत.

दाराला चेनऐवजी वेल्क्रो किंवा नुसता पडदा असावा आणि निदान दोन बाजूंना जाळी असावी, नाहीतर एप्रिल-मे महिन्यांत आत बसवत नाही. सुती कापड धुता येते, पण पावसाळ्यात ते नीट वाळले नाही तर त्यावर बुरशी धरते.

भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे असून, आयएस 9873 या मानकाच्या दुसऱ्या भागात ज्वलनशीलतेची चाचणी येते. तरीही देवघरातील समईजवळ तंबू मांडू नये.