कॉलेजचा फास्ट बॉलर पारखताना

"सर, पोरगा जाम फास्ट टाकतो, एकदा बघून जा," असा फोन आला की मी स्पीड विचारत नाही. कंबर दुखते का, एवढं विचारतो. आंतरमहाविद्यालयीन सामने बघायला मी फोंड्याहून पणजी, मडगाव, म्हापसा असा फिरतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. नव्याने निवड करणाऱ्यांना ते उपयोगी पडावं.

बहुतेक जण साइट स्क्रीनमागे, म्हणजे बॉलरच्या पाठीमागच्या मोठ्या पडद्यामागे, उभे राहतात. पहिला स्पेल तिथून बघू नका. सीमारेषेबाहेर, बॉलिंग क्रीजच्या सरळ रेषेत, त्याचा चेंडू टाकणारा हात ज्या बाजूला असेल तिथे उभे राहा. नजर पुढच्या पायावर ठेवा. टाच टेकल्यावर गुडघा खांबासारखा ताठ राहिला, तर धावत आणलेला जोर वर खांद्यात जातो. गुडघा दुमडला की तो जोर जमिनीत जिरतो, मग पोरगा नुसत्या खांद्याने चेंडू ओढत बसतो. असा पोरगा आज हळू दिसला तरी सोडू नका. पायात ताकद आली की वेग वाढतो.

आता मागे या. मागचा पाय टेकतो त्या क्षणी कंबर आणि खांदे एकाच दिशेला आहेत का ते बघा. साइड-ऑन (खांदा बॅट्समनकडे) असो वा छाती समोर, दोन्ही चालतं. कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे, अशी मिक्स्ड ॲक्शन मात्र घातक. प्रत्येक चेंडूला पाठीचा खालचा भाग पिळला जातो, आणि उजव्या हाताच्या बॉलरला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर) बहुधा डाव्या बाजूला होतं. सुरुवातीला ते एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही, एमआरआय लागतो. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर डेनिस लिली याची पाठ १९७३ मध्ये अशीच गेली होती. ॲक्शन बदलून तो परत आला आणि पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये आपल्या पोरांना शिकवू लागला. म्हणजे सुधारणा होते, पण तिला वेळ द्यावा लागतो.

हे मी एका पोरापायी शिकलो. मॅटिंगवर (चटई अंथरलेल्या पिचवर) त्याने सहा विकेट काढल्या. प्रत्येक ओव्हर संपली की टोपी घ्यायला जाताना तो डाव्या अंगठ्याने कंबर दाबायचा. मी ते पाहिलं आणि तरी वहीत 'घ्या' असं लिहिलं. पावसाळा येईपर्यंत त्याची बॉलिंग वर्षभरासाठी बंद झाली होती. तेव्हापासून माझ्या वहीत पहिला रकाना विकेटचा नाही. ओव्हर संपल्यावर त्याचा हात कुठे जातो, याचा आहे.

आपल्याकडची पोरं कापणी झालेल्या शेतात टेनिस बॉलवर वाढतात. तिथे झटका देऊन टाकलं की काम भागतं. लेदरचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणून तोच झटका कोपरात उतरतो. नियमाने चेंडू टाकताना वाकलेलं कोपर १५ अंशांपर्यंतच सरळ होऊ शकतं, आणि ते नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. बाजूने स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. आणि 'थ्रो करतो' हे चार पोरांसमोर कधीही बोलू नका, तो डाग पुसला जात नाही.

त्याच मोबाईलवर वेगही निघतो. सेकंदाला २४० फ्रेम लावा आणि चेंडू हातातून सुटल्यापासून समोरच्या पॉपिंग क्रीजपर्यंतच्या (बॅट्समनच्या स्टंपपुढच्या रेषेपर्यंतच्या) फ्रेम मोजा. अंतर सुमारे १७.७ मीटर. १३२ फ्रेम भरल्या तर सरासरी ताशी ११६ किलोमीटर. टप्प्यावर चेंडू मंदावतो, त्यामुळे हातातून सुटताना वेग याहून जास्त असतो. आकड्यावर भाळू नका. पहिल्या ओव्हरच्या आणि सहाव्या ओव्हरच्या फ्रेम शेजारी शेजारी लिहा. आपल्या दमट हवेत सकाळी दहानंतर १३२ चे १४० झाले, म्हणजे वेग घटला, तर फिटनेसचं काम बाकी आहे.

सीम, म्हणजे चेंडूची शिवण, उभी जाते का, हे कीपरच्या मागून दिसतं. चेंडू डगमगत आला तर मनगट सैल आहे. ते शिकवता येतं.

शेवटी, सामन्यानंतर त्याला नेटमध्ये न्या आणि एकच गोष्ट सांगा: "पुढचा हात थोडा जास्त वेळ वर ठेव." मग दहा चेंडू टाकायला लावा. पहिले पाच बिघडणारच, तेव्हा गप्प राहा. आठवा आणि नववा नीट बघा. तेवढ्यात त्याचं शरीर ती सूचना पकडू लागलं असेल, तर वहीत त्याच्या नावासमोर खूण करा आणि पुढच्या आठवड्यात परत जा.