नवा आरपीजी (पात्र घडवत खेळायचा रोल-प्लेइंग गेम) येतोय? रिलीजआधी बोंब मारताना या चुका टाळा

दोन मिनिटांचा ट्रेलर येतो आणि लगेच "वाट लावली गेमची" सुरू होतं. काळजी वाटण्यात चूक काहीच नाही, बऱ्याचदा प्लेअर्सचंच खरं निघतं, फक्त बोंब भलत्याच गोष्टीवर मारली जाते आणि जिथे खरंच बोलायला हवं ते राहूनच जातं.

पहिली चूक म्हणजे लुकवर अडकणं. डायब्लो ३ ची घोषणा २००८ मध्ये झाली तेव्हा रंग फार भडक आहेत म्हणून पिटिशन निघाली होती. २०१२ ला गेम आला आणि खरी डोकेदुखी निघाली ऑक्शन हाउस (प्लेअर्सनी एकमेकांना वस्तू विकायचा गेममधला बाजार), म्हणजे तासनतास मॉन्स्टर मारत बसण्यापेक्षा चांगली वस्तू सरळ विकत घेणंच सोपं, मग खेळायचं कशाला? २०१४ ला ते बंदच केलं. त्यामुळे लूट (गेममध्ये मिळणाऱ्या वस्तू) कुठून आणि कशी मिळते ते आधी बघा, रंग नंतर.

दुसरी, "लेव्हल स्केलिंग आहे म्हणे, संपला विषय". म्हणजे तुमची लेव्हल वाढली की शत्रू पण तसेच तगडे होत जातात. ऑब्लिव्हियनमुळे (२००६) लोक घाबरतात आणि ते बरोबरच आहे, तिथे तुमची लेव्हल वाढली की रस्त्यावरचा लुटारू पण महागडं ग्लास आर्मर (चिलखत) घालून समोर येतो आणि मागतो किती तर १०० नाणी! अरे ते आर्मर वीक ना आधी. पण स्कायरिममध्ये एरियाप्रमाणे कमीत कमी लेव्हल ठरलेली असते, आणि विचर ३ मध्ये तर शत्रूंचं स्केलिंग तुम्हीच चालू-बंद करू शकता. म्हणून आहे की नाही हे विचारू नका, मर्यादा काय आणि बंद करता येतं का ते विचारा.

तिसरी चूक, जे बदलणारच नाही त्यावर डोकं आपटणं. बाल्डर्स गेट ३ टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल करायची) आहे कळल्यावर जुने प्लेअर्स वैतागले, कारण आधीचे दोन भाग रिअल-टाइम होते, म्हणजे लढाई सलग चालायची. ते काही बदललं नाही. पण अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (पूर्ण व्हायच्या आधीच विकलेल्या गेममध्ये) फायर बोल्टसारख्या साध्या स्पेलने (मंत्राने) पण जमिनीवर आग पसरायची, लोकांनी नेमकी तक्रार केली आणि फायनल गेममध्ये ती आग गेली. नुसतं "कॉम्बॅट (लढाई) बकवास आहे" म्हटलं की कुणाला काय कळणार?

चौथी, डेमोलाच वचन समजणं. सायबरपंक २०७७ चा २०१८ चा ४८ मिनिटांचा डेमो आठवतोय? काम चालू आहे असं त्यावर लिहिलेलं होतं, आणि त्यात भिंतीवर चढून हल्ला करायचा जो प्रकार होता तो पुढे काढूनच टाकला. २०२० ला रिलीजआधी रिव्ह्यू फक्त पीसी कॉपीवर झाले, जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर) गेमची किती वाईट हालत आहे ते नंतर समजलं.

प्री-ऑर्डर (रिलीजआधीच खरेदी) करायचीच असेल तर तुमच्याच मशीनवरचा गेमप्ले बघितल्याशिवाय नको. स्टीमवर (पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) रिफंडला १४ दिवस मिळतात (प्री-ऑर्डर असेल तर रिलीजपासून मोजायचे), पण खेळलेला वेळ २ तासांच्या आत हवा, आणि आरपीजीमध्ये नुसता चेहरा बनवण्यातच त्यातला निम्मा जातो, तेव्हा नाक नंतर नीट करा, आधी कॉम्बॅट बघून घ्या.