सफारीत ‘इनव्हॅलिड डेट’: माझा अनुभव

लक्षण असं: आमच्या वेबसाइटवर कार्यक्रमाची वेळ क्रोममध्ये बरोबर दिसायची, जुन्या आयफोनच्या सफारीत मात्र ‘इनव्हॅलिड डेट’ (अवैध तारीख). मायएसक्यूएल या डेटाबेसमधून येणारी स्ट्रिंग (मजकुराची ओळ) होती ‘२०२३-०८-१५ १८:३०:००’.

कॅशे साफ केली, उपयोग शून्य. डॅशच्या जागी स्लॅश टाकले, तर तारीख दिसू लागली. पण न्यू जर्सीतल्या बहिणीला सकाळी ९ ऐवजी तिथलेच संध्याकाळचे साडेसहा दिसले. दोन रात्री यात गेल्या, फार चिडचिड झाली.

कारण साधं आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचं प्रमाण आयएसओ ८६०१ (तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) वर बेतलेल्या स्वरूपाची हमी देतं. मधे रिकामी जागा असलेली स्ट्रिंग कशी वाचायची, हे ब्राउझरवर सोडलेलं आहे. शिवाय स्ट्रिंगमध्ये टाइमझोन नव्हता, म्हणून बहिणीच्या ब्राउझरने ती वेळ तिथलीच धरली.

चाललेला उपाय, याच क्रमाने: आधी तारीख आणि वेळ यांमधली रिकामी जागा काढून तिथे कॅपिटल ‘टी’ घाला. मग शेवटी, जागा न सोडता, ‘+०५:३०’ जोडा (आमच्या डेटाबेसमधली वेळ भारतीय आहे, तुमची यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल तर कॅपिटल ‘झेड’). आता ही स्ट्रिंग जावास्क्रिप्टमध्ये तारीख तयार करणाऱ्या ‘न्यू डेट’ला द्या. सगळ्यांना भारतीय वेळच दाखवायची असेल, तर फॉरमॅट करताना टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ द्या.

हीच स्ट्रिंग यूआरएलमधून पाठवत असाल तर ती आधी एन्कोड करा, नाहीतर अधिकचं चिन्ह सर्व्हरवर रिकामी जागा होऊन पोचतं. आणि नुसती तारीख, वेळेशिवाय, दिलीत तर ती यूटीसी धरली जाते. अमेरिकेत ती एक दिवस आधीची दिसते.