भावाच्या उपचारांची निळी फाईल: सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळवायची कशी

माझ्या धाकट्या भावाला २०१३ साली पहिल्यांदा त्रास सुरू झाला. शेती बघायचा, पंचविशीत होता. रेडिओ बंद असला तरी त्याला कुणीतरी बोलताना ऐकू यायचं, आणि भाजीत काहीतरी कालवलंय म्हणून तो आईच्या हातचं ताट परत करायचा. दीड वर्ष आम्ही देवर्षी, दर्गे, उतारे करत हिंडलो. मग खासगी डॉक्टर मिळाले आणि भावाला बरं वाटू लागलं. पण गाडीभाडं, फी आणि गोळ्या मिळून माझा, म्हणजे एका प्राथमिक शिक्षिकेचा, जवळजवळ अर्धा पगार जायचा. हेच उपचार सरकारी दवाखान्यात मिळतात आणि त्यावर कायद्याने आपला हक्क आहे, हे मला पाच वर्षांनी कळलं. ती पाच वर्षं तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक निळी प्लास्टिकची फाईल घ्या. का, ते पुढे कळेल.

आधी कुठे जायचं

थेट मनोरुग्णालयात नव्हे. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. आजारी माणसांतल्या फार थोड्यांना तिथे दाखल व्हावं लागतं. बाकीच्यांचं काम जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये होतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे. त्यात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका यांचं पथक असतं. हे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही येतं. तो दिवस कोणता, हे गावातल्या आशाताईंना विचारा. मला आमच्या आशाताईंनीच सांगितलं, तेही विहिरीवर उभ्या उभ्या. त्याआधी मी ऐंशी किलोमीटरवर जात होते आणि पथक आमच्यापासून अकरा किलोमीटरवर येत होतं.

केस पेपरचे पैसेही लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे असल्यामुळे तिथे हा नियम लागू नाही.

माणूस यायलाच तयार नसेल, आणि बहुतेक घरांत पहिला अडसर हाच असतो, तर १४४१६ हा क्रमांक लावा. ही 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञांकडे देतात. फोन आजारी माणसानेच करायला हवा असं नाही. मी स्वतः रात्री अडीचला ओट्याशी उभी राहून बोलले आहे. भावाशी वाद घालू नका, 'तुला भास होतात' असं ऐकवू नका, 'तुला झोप लागत नाही, त्यासाठी डॉक्टरांकडे जाऊ' असं म्हणा, असं मला सांगितलं गेलं. भाऊ झोपेसाठी तयार झाला. आवाजांसाठी तो कधीच आला नसता.

पहिल्या भेटीचं पान

सरकारी ओपीडीत गर्दी असते आणि डॉक्टरांना तुमच्यासाठी सात-आठ मिनिटंच मिळतात. म्हणून घरून एक पान लिहून न्या. आमच्या पानावर होतं: त्रास कधी सुरू झाला (त्या वर्षीच्या गणपतीनंतर), रात्री किती तास झोपतो, जेवण कसं, आंघोळ स्वतःहून करतो का, एकटाच बोलतो का, मरणाबद्दल कधी बोलला का, दारू-गांजा-तंबाखू किती, घराण्यात आधी कुणाला असा त्रास होता का, आणि आजवर कोणत्या गोळ्या दिल्या. जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा मी पानाला टाचली होती. डॉक्टरांनी पान वाचलं, पाकिटं पाहिली आणि आधी ज्या गोळीने भावाची मान कडक व्हायची ती टाळली. एरवी महिनाभर तोच त्रास पुन्हा झाला असता.

मरणाचा उल्लेख लपवू नका. पोलीस केस होईल या भीतीने लोक गप्प बसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे.

डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. सिव्हिलची छपाई वर्षभरात पुसट होते. निळ्या फाईलमधलं पहिलं पान हेच.

गोळ्या संपल्यात असं सांगितलं तर

यावर मी जास्त लिहिते, कारण आमचा सगळा खेळ इथेच बिघडला होता.

एका सरकारी दवाखान्यात सलग दोन महिने 'स्टॉक नाही, बाहेरून घ्या' असं उत्तर मिळालं. पहिल्या महिन्यात मी घेतल्या. दुसऱ्या महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, पैसे नव्हते, आणि भावाने गोळ्या न घेता तीन आठवडे काढले. वरवर तो चांगला दिसत होता. या आजारात हेच फसवं असतं. गोळी थांबली की माणूस लगेच कोसळत नाही, आठवडे जातात, आणि सगळ्यांना वाटतं आता गोळीची गरज उरली नाही. चौथ्या आठवड्यात त्याची झोप गेली.

त्यानंतर मी २०१७ चा तो कायदा वाचला. कलम १८ म्हणतं की अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधं सरकारी आरोग्य संस्थांत, आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर, सर्वांना कायम मोफत मिळाली पाहिजेत. याच कलमात आणखी आहे: किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर माणसाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घेता येतात आणि तो खर्च सरकारने सोसायचा असतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाजवळ कार्ड नसलं तरी सरकारी संस्थेत त्याला उपचार मोफत आहेत.

तोंडी भांडण करू नका. खिडकीवरच्या माणसाच्या हातात काही नसतं आणि पुढच्या महिन्यात त्याच्याच समोर उभं राहायचं असतं. कोऱ्या कागदावर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहा. माझा असा होता: 'माझ्या भावाला अमुक तारखेला डॉक्टरांनी अमुक औषध लिहून दिले आहे. आज दि. … रोजी ते उपलब्ध नसल्याचे सांगण्यात आले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ प्रमाणे औषध उपलब्ध करून द्यावे, किंवा ते कधी व कोठे मिळेल हे लेखी कळवावे.' अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. मला शिक्क्यासाठी दोन टेबलं फिरावी लागली. आठव्या दिवशी फोन आला, गोळ्या आल्या होत्या. तो शिक्क्याचा कागद अजून फाईलमध्ये आहे, आणि त्यानंतर मला तो एकदाच दाखवावा लागला.

अर्जाने भागलं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे याच कायद्याखाली आजारी माणसांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे जाता येतं. आजारी माणूस स्वतः किंवा त्याचा प्रतिनिधी (त्याच्या वतीने बोलणारा माणूस; तो कसा नेमायचा ते शेवटी सांगते) अर्ज करू शकतो, त्याला फी नाही. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं.

आणि एक सवय लावून घ्या: गोळ्या संपायच्या दिवशी जाऊ नका, दहा दिवस उरले असतानाच जा. लिथियम चालू असेल तर रक्तातलं प्रमाण तपासून घेण्याच्या तारखा, क्लोझापिन असेल तर पांढऱ्या पेशींच्या तपासणीच्या तारखा कॅलेंडरवर आधीच मांडून ठेवा.

दाखल करायची वेळ आली तर

त्या चौथ्या आठवड्यात भाऊ विळा उशाशी घेऊन बसला. रात्री आम्ही १०८ ची गाडी बोलावून जवळच्या दवाखान्यात गेलो. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, इथे मनोविकारतज्ज्ञ नाहीत, जिल्ह्याला न्या. तेव्हा मला कलम ९४ माहीत नव्हतं. ते असं: जिवाला धोका असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याची भीती असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, कुठल्याही आरोग्य संस्थेत, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. पुढच्या संस्थेत पोहोचवणंही यातच येतं. शॉक ट्रीटमेंट मात्र या कलमाखाली देता येत नाही. हे आधी ठाऊक असतं तर त्या रात्री निदान एक इंजेक्शन देऊन, शांत करून त्याला पुढे नेता आलं असतं. आम्ही त्याला टॉवेलने हात बांधून नेलं. त्याच्या मनगटावरचा वळ मी विसरलेले नाही.

दाखल होण्याचे दोन मार्ग आहेत. माणूस स्वतः तयार असेल तर कलम ८६ प्रमाणे तो आपल्या सहीने दाखल होतो आणि आपल्या इच्छेने घरी जाऊ शकतो. तयार नसेल आणि स्थिती गंभीर असेल तर कलम ८९: प्रतिनिधीने अर्ज करायचा, एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका डॉक्टर वा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने स्वतंत्रपणे तपासायचं. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. रुग्णालयाने मंडळाला सात दिवसांत कळवायचं, आजारी व्यक्ती स्त्री असेल तर तीन दिवसांत. आयुष्यभरासाठी 'टाकून देणं' आता कायद्यात बसत नाही. साखळीने बांधणं आणि भूल न देता शॉक देणं यांवर कलम ९५ ने बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या एका जागेला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं पळूही शकली नाहीत. मांत्रिकाकडे मारहाण, कोंडून ठेवणं चालू असेल तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे, पोलिसांत तक्रार होते.

माणूस घरातून निघून गेला तर ठाण्यात नोंद करताना आजाराचं स्पष्ट सांगा आणि चिठ्ठीची प्रत द्या. भरकटलेला मनोरुग्ण पोलिसांना सापडला तर त्याला २४ तासांत सरकारी दवाखान्यात नेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, कोठडीत ठेवता येत नाही.

घरी आणताना डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख आणि ठिकाण लिहून घ्या. 'पंधरा दिवसांनी दाखवा' एवढंच नको.

विमा आणि प्रमाणपत्र

माझ्या आरोग्य विम्याच्या कंपनीने 'मानसिक आजार वगळलेले आहेत' म्हणून दावा फेटाळला. कलम २१ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागतो, आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये सर्व कंपन्यांना तसं कळवलं होतं. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. कंपनीच्या तक्रार विभागाला या दोन्हींचा उल्लेख करून पत्र द्या. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे पैसे लागत नाहीत. माझं काम पत्रावरच झालं.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून सिव्हिलमधल्या डॉक्टरांच्या मंडळापुढे जावं लागतं. मानसिक आजारात स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि काम या चार गोष्टी पाहून, आजार किती काळ आहे हे धरून टक्के ठरतात. ४० टक्के किंवा जास्त हवेत. नीटनेटके कपडे घालून, 'सगळं करतो' असं सांगून घरचे लोक टक्के गमावतात. आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, शेवटचं काम किती दिवस टिकलं, हे खरं खरं सांगा. आजाराचा काळ जुन्या चिठ्ठ्यांवरूनच सिद्ध होतो. मी दहा वर्षांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून नेल्या होत्या, मंडळाने दुसरा कागद मागितला नाही. या प्रमाणपत्रावर तहसीलला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो, आणि जुन्या करपद्धतीत सांभाळ करणाऱ्याला ७५ हजारांची, ८० टक्के किंवा जास्त असतील तर सव्वा लाखाची वजावट मिळते. वडील सरकारी नोकरीत असतील तर कार्यालयात कुटुंबनिवृत्तिवेतनाबद्दल ते हयात असतानाच चौकशी करा.

त्याचं स्वतःचं पान

पुण्यात स्किझोफ्रेनियासाठी काम करणाऱ्या लोकांनी आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर हे शब्द दिले. मला ते आवडतात, पण शुभंकर सगळं स्वतःच ठरवू लागतो, हेही मी स्वतःत पाहिलं. कायद्यात याची सोय आहे. माणूस बरा असताना साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. शिवाय आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, याचं पूर्वनिर्देशपत्र करू शकतो. त्याचा ठरलेला नमुना आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, पुनर्विलोकन मंडळाकडे नोंदणी होते. तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही, आणि दाखल होताना ते डॉक्टरांना दाखवायची जबाबदारी आपली असते.

गेल्या दिवाळीनंतर भावाने आपलं लिहिलं. दोन संध्याकाळी लागल्या. मी फक्त नमुना समोर ठेवला आणि भाकरी करायला गेले. त्याने लिहिलं: प्रतिनिधी ताई. मान कडक करणारी गोळी देऊ नये, तिचं नाव जुन्या चिठ्ठीवर आहे. हात बांधू नयेत. माझा चष्मा काढून घेऊ नये, चष्मा नसला की आवाज जास्त येतात.

बारा वर्षांत चष्म्याचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते पान आता निळ्या फाईलमध्ये सगळ्यात वर आहे.